अबेनाची पहिली चाचणी

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "वनिताताई, यंदाच्या अंकात कॅनडात आलेल्या बायकांच्या नोकऱ्यांवर विभाग करतोय. तुम्ही शाळेतल्या नोकरीवर लिहा. काहीतरी प्रेरणादायी." मी म्हटलं, प्रेरणादायी हवं असेल तर दुसरं कोणी बघा. माझ्याकडे एक चूक आहे, ती चालेल का? बाई हसल्या. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतेय. विनय आमच्या घराण्यात कोणालाच नाही, मलाही नाही.

तर आधी नोकरी काय होती ते सांगते, कारण आपल्या लोकांना ती सांगूनही पटत नाही.

नागपुरात मी अठरा वर्षं एका अनुदानित शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. इथे आल्यावर माझ्या बी.एड.ला कोणी विचारेना. पुन्हा दोन वर्षं कॉलेज करा, मग अप्लाय करा, असं सांगण्यात आलं. वय सेहेचाळीस. मी म्हटलं, राहू द्या. मग व्हँकुव्हरच्या पूर्वेला, ब्लूबेरीच्या शेतांमधल्या एका लहान गावात एक ख्रिस्ती शाळा होती, तिथे 'लर्निंग मॉनिटर' पाहिजे अशी जाहिरात दिसली. घरून बसने पाऊण तास. मुलाखतीत प्रिन्सिपल मिस्टर हॉफमननी विचारलं, तुमचा धर्म कोणता? मी ताठ बसून सांगितलं, बौद्ध. ते म्हणाले, "वंडरफुल, आम्ही सगळ्यांचा आदर करतो." शाळेची श्रद्धा तीच माझी, अशा श्रद्धापत्रावर शिक्षकांना तिथे सही करावी लागे. मदतनिसांना ती सक्ती नव्हती. फक्त मुलांसमोर शाळेच्या श्रद्धेविरुद्ध बोलणार नाही, एवढं लिहून द्यायचं होतं. मी लिहून दिलं. त्यात काय एवढं, असं तेव्हा वाटलं.

या प्रांतात खाजगी धार्मिक शाळेलाही सरकारचं अनुदान मिळतं. सरकारी शाळेत एका मुलावर जेवढा खर्च होतो त्याच्या साधारण निम्मं. म्हणजे आपल्या अनुदानित शाळेचंच भावंड म्हणा ना. अनुदान आलं की तपासणी आली, हेही तिथल्यासारखंच. त्याकडे येते मी.

शाळेत शिकवणं नावाचा प्रकार जवळजवळ नव्हता. एक मोठा हॉल. भिंतीला लागून रांगेने टेबलं, दोन टेबलांच्या मध्ये लाकडी आडोसा, प्रत्येक मूल भिंतीकडे तोंड करून बसलेलं. तिसरीपासून आठवीपर्यंतची सगळी पोरं एकाच हॉलमध्ये. प्रत्येकाच्या पुढ्यात छापील पुस्तिका. धडा वाचायचा, गाळलेल्या जागा भरायच्या, मधल्या टेबलावर जाऊन उत्तरतालिकेशी स्वतःच ताडून बघायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं, पुढे सरकायचं. अडलं तर आडोशावर पिवळं कार्ड उभं करायचं. मग मी जायचं, वाकायचं आणि कुजबुजत सांगायचं. पुस्तिका संपली की चाचणी. ती मात्र मी तपासायची. उत्तरतालिका डाव्या हाताला, लाल पेन उजव्या हातात. शंभरात ऐंशी आले तर पुढची पुस्तिका. नाही आले तर तीच पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून, आणि नापास चाचणी आम्ही फाडून रिसायकलिंगमध्ये टाकायची, म्हणजे प्रश्न बाहेर जायला नकोत.

पहिल्या दिवशी तो हॉल बघितला आणि मला वाटलं, कोणी गेलंय की काय! एवढी पोरं आणि चिडीचूप. माझ्या नागपूरच्या वर्गात साठ पोरं असत आणि साठही एका वेळी बोलत. "मॅडम, यानं माझी पट्टी घेतली." "मॅडम, पुस्तकात चूक आहे." एक पोट्टा तर दर तासाला उठून म्हणायचा, "मॅडम, हे खरं कशावरून?" मी वैतागून म्हणायचे, "बस खाली, तुझ्या बापाला विचार." त्या हॉलमध्ये उभी असताना मला त्या पोट्ट्याची सारखी आठवण यायची. खडूची धूळ, घामेजलेले गणवेश, मागच्या बाकावरची खुसखुस, सगळं हवंहवंसं वाटायचं. अठरा वर्षं मी ज्याला गलका म्हणून ओरडले, ते माझं सुख होतं, हे मला सात समुद्र ओलांडल्यावर कळलं.

माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही लगेच बाह्या सरसावाल. आमच्या यांना हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर कोणी ना कोणी पालक दारात झाकलेलं भांडं ठेवून जात होते. आम्ही बटाट्याचा तो चीजमधला प्रकार इतका खाल्ला की हे म्हणाले, "बाप्पा, दुखणं परवडलं." एका मुलीने कोंबडीचं पिल्लू जॅकेटच्या खिशात घालून आणलं आणि दिवसभर आडोशात ठेवलं. दर दहा मिनिटांनी पिवळं कार्ड उभं. मी गेले की ती म्हणायची, "मिस वनिता, त्याला पाणी पाहिजे." मी पाणी दिलं आणि कोणालाही सांगितलं नाही. त्या हॉलमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने आवाज केला, तो त्या पिल्लाने.

अबेना पाचवीत आली तेव्हा अकरा वर्षांची होती. आईवडील घानाचे. वडील ट्रक चालवत, आई वृद्धाश्रमात आयाचं काम करायची. हॉलमध्ये काळी मुलगी ती एकटी आणि मोठ्यांमध्ये सावळी बाई मी एकटी. तिच्या आईने, मिसेस मेन्सानी, ही शाळा मुद्दाम निवडली होती. त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तिकडच्या सरकारी शाळेत ना प्रार्थना, ना शिस्त. माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचंय." अबेनाच्या डोक्याला बारीक वेण्या आणि प्रत्येक वेणीच्या टोकाला निळा मणी. मान हलवली की मणी वाजत. आडोशातून मण्यांचा आवाज आला की मला कळे, हिला काहीतरी पटलेलं नाही.

तिचं पिवळं कार्ड सगळ्यांत जास्त वेळा उभं राहायचं. बाकीची पोरं विचारायची, "याचं स्पेलिंग काय?" ही विचारायची, "हे कोणी लिहिलं?"

समाजशास्त्राच्या एका पुस्तिकेत भारत होता. ती मी पहिल्याच महिन्यात चोरून वाचून ठेवली होती. त्यात एक फोटो. खराटा हातात घेतलेला, उघड्या अंगाचा म्हातारा. खाली छापलेलं, 'भारतातील एक अस्पृश्य.' नाव नाही, गाव नाही. पुढची ओळ अशी की, या लोकांना मिशनऱ्यांनी आशा दिली. आता दिली असेल, नाही कशाला म्हणू? शाळा काढल्या, दवाखाने काढले, ते खरंच आहे. पण आमची माणसं स्वतःच्या पायाने चालत येऊन, स्वतःच्या तोंडाने शपथ घेऊन माणसं झाली, त्याला त्या पुस्तिकेत अर्धी ओळ नव्हती. पुस्तिकेतली सगळी काळी-सावळी माणसं अशीच होती. कोणीतरी गोरा येईपर्यंत वाट बघत बसलेली आणि तो आल्यावर आभार मानणारी.

एक दिवस त्या पानावर अबेनाचं कार्ड उभं राहिलं. मी वाकले. तिने फोटोवर बोट ठेवलं. "मिस वनिता, तुम्ही यांना ओळखता का?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मला राग आला असता. भारतात सव्वाशे कोटी माणसं, तू मला एका म्हाताऱ्याबद्दल विचारतेस! पण तिने इतक्या साधेपणाने विचारलं की मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "याला नाही. पण माझे आजोबा असेच दिसायचे. खराटा असाच धरायचे." मग मी तिला सांगितलं. आजोबांना गावात लिहायला शिकू दिलं नाही, म्हणून त्यांनी माझ्या बापाला नागपूरला धाडलं. बाप सूतगिरणीत लागला. त्याला फारसं वाचता येत नव्हतं, तरी रोज पेपर विकत आणून मला मोठ्याने वाचायला लावायचा आणि प्रत्येक बातमीनंतर विचारायचा, "हे कोण सांगून राहिलं? ज्याच्यावर गुजरलं त्याले कोणी विचारलं का?" मी अबेनाला म्हटलं, "बघ, या म्हाताऱ्याचा फोटो काढला, पण त्याचं नाव कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खाली छापलं असतं."

अबेना फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दॅट्स रूड."

"व्हेरी रूड," मी म्हटलं. आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. ती दहा मिनिटं. कॅनडात मी सहा वर्षं पगार घेतला, त्यातली दहा मिनिटं मी मास्तरीण होते. ती दहा मिनिटं मला परत हवी आहेत. दुसरं या नोकरीतलं काही नको.

ही २०१७ सालची गोष्ट. फेब्रुवारीच्या शेवटी अबेनाची पुढची पुस्तिका संपली. त्यात अमेरिकेतली गुलामगिरी होती. बाहेर पाऊस, हॉलमध्ये हीटरचा आवाज, माझ्यापुढे चाचण्यांचा गठ्ठा. तिची चाचणी वर आली. गाळलेली जागा अशी होती: 'बहुतेक मालक आपल्या गुलामांना ______ वागवत.' उत्तरतालिकेत शब्द होता, दयाळूपणे. अबेनाने त्या रेघेवर काहीच लिहिलं नव्हतं. शेजारच्या समासात, बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'त्यांना कोणी विचारलं होतं का?' पुढचा प्रश्न, गुलाम होऊन आलेल्या आफ्रिकी लोकांना झालेला सर्वांत मोठा लाभ कोणता? तिने तो सोडून दिला होता.

मी पेन खाली ठेवलं. माझ्या बापाचा प्रश्न. नागपूरच्या सूतगिरणीतून निघून एका घानाच्या पोरीच्या हाताने माझ्याकडे परत आलेला. मला इतका आनंद झाला की मी उठून खिडकीपाशी गेले. आणि मग परत येऊन मी बेरीज केली. त्या दोन उत्तरांचे मार्क दिले तर पास. नाही दिले तर अठ्ठ्याहत्तर.

मी चाचणी घेऊन मिस्टर हॉफमनकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. माणूस सज्जन, खरंच सज्जन. म्हणाले, "वनिता, पुस्तिका आपण लिहीत नाही. खोक्यातून येतात. आज मी एक उत्तर बदललं, तर उद्या एखादा पालक दुसरं बदलायला सांगेल. मग तालिकेला अर्थ काय? आणि काही मालक दयाळू असतीलच की नाही?"

मी म्हटलं, "येस."

काय म्हणायला हवं होतं ते मला बसमध्ये सुचलं. मला सगळं बसमध्येच सुचतं. प्रश्नात 'काही' नाही, 'बहुतेक' आहे. आणि दयाळू असले तरी मालकच ना? पण मी 'येस' म्हणाले. त्यांनी प्रकाशकाला ईमेल करतो म्हणून सांगितलं आणि केलाही असेल. उत्तर आलं नाही.

मी जागेवर आले. लाल पेनाने दोन फुल्या मारल्या. वर अठ्ठ्याहत्तर लिहिलं. अबेनाला बोलावून दाखवलं. तिने फुल्या बघितल्या, मग माझ्याकडे. मणी वाजले नाहीत. "मिस वनिता, तुम्हाला हे उत्तर खरं वाटतं?" तिचं बोट तालिकेतल्या शब्दावर.

आजूबाजूला चाळीस पोरं. श्रद्धेविरुद्ध बोलणार नाही, या कागदावर माझी सही. महिन्याचा पगार, घराचा हप्ता, यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ही कारणं मी तुम्हाला सांगतेय, तिला नाही सांगितली. तिला मी म्हटलं, "मी फक्त चेक करते, अबेना."

आणि नियमाप्रमाणे ती चाचणी तिच्यासमोर फाडली. चार तुकडे.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "तुले काहून एवढं लागून राहिलं? तुही पोट्टी हाय का थे?" यांचं बोलणं असंच. मी भांडी आपटली. रडलेही. मग यांनीच चहा केला.

शाळेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिसेस मेन्सा मुलीला न्यायला आल्या. त्यांना मार्क कळले होते. माझ्यासमोरच त्यांनी अबेनाला सुनावलं, "पुस्तकात जे आहे ते लिही. डॉक्टर झालीस की तुला हवं ते लिही. आत्ता नाही." मला म्हणाल्या, "सॉरी, मिस वनिता. ती हट्टी आहे." माझ्या आईनेही मला हेच सांगितलं होतं, परीक्षेत पुस्तकातलं लिही, बापाचं लिहू नको. फरक एवढाच की माझ्या घरात बापही होता. अबेनाचा बाप आठवड्यातले पाच दिवस हायवेवर, आणि शाळेत होते मी.

तिने ती पुस्तिका पहिल्या पानापासून पुन्हा केली. तीन आठवडे. एकदाही पिवळं कार्ड उभं राहिलं नाही. मी उगाच तिच्यामागून चकरा मारायचे, वाकून म्हणायचे, "ऑल ओके?" ती म्हणायची, "येस, मिस वनिता." चाचणी आली तेव्हा रेघेवर सुंदर अक्षरात, रेघेला न सोडता लिहिलेलं होतं, दयाळूपणे. लाभाच्या प्रश्नालाही तालिकेतलं वाक्य जसंच्या तसं. शंभरपैकी शंभर. मी शंभर लिहिलं आणि माझ्याच हाताचा मला तिटकारा आला.

एप्रिलमध्ये जयंती. आमच्या मंडळाने सरे शहरात कम्युनिटी हॉल घेतला होता आणि दरवर्षीप्रमाणे भाषण माझं. निळी साडी, माईक, समोर दोनशे माणसं. मी म्हणाले, शिक्षण म्हणजे मार्क नव्हेत, शिक्षण म्हणजे प्रश्न विचारायची हिंमत. टाळ्याच टाळ्या. टोरोंटोकडून आलेले एक गृहस्थ म्हणाले, "ताई, अंगावर काटा आला." माझ्याही आला होता, पण निराळ्या कारणाने. मी पानातली पुरणपोळी तशीच ठेवून पंगतीतून उठले.

त्याच दिवशी मी ठरवलं, काहीतरी करायचं. मे महिन्यात प्रांताची तपासणी होती.

तपासणी म्हटली की माझ्या अंगात येतं. नागपुरात आम्ही शेजारच्या शाळेतून नकाशे आणायचो, प्रयोगशाळेतल्या रिकाम्या बाटल्यांत शाई घालून ओळीने मांडायचो, साहेबांना चिवडा-लाडू. इथे चिवड्याऐवजी मफिन्स, बाकी तसंच. मिस्टर हॉफमननी मला सांगितलं, "वनिता, प्रत्येक विषयाच्या चांगल्या चाचण्या नमुना म्हणून निवड. तुझी नजर चांगली आहे." मी समाजशास्त्राच्या फाईलमध्ये सगळ्यांत वर अबेनाची शंभर मार्कांची चाचणी ठेवली. ते पान उघडं राहील अशी क्लिप लावली. माझं गणित असं की, तपासणीला येणारी बाई शिकलेली. ती 'बहुतेक मालक' वाचेल, 'दयाळूपणे' वाचेल, वर मुलीचं नाव वाचेल आणि विचारेल, हे काय चाललंय? तिच्या यादीत तसा रकानाच होता, मी आधीच बघून ठेवलेला: शाळेत कोणताही वंश श्रेष्ठ किंवा कनिष्ठ असल्याचं शिकवलं जात नाही. मला तोंड उघडावं लागणार नाही, कागदच बोलेल. भित्र्या माणसाची अक्कल ही अशी चालते.

बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, पांढरे केस, गळ्यात चष्म्याची साखळी. फाईल उघडली. त्यांनी ते पान बघितलं, चष्मा नाकावर सरकवला, बोट रेघेवरून फिरवलं. आणि म्हणाल्या, "व्हॉट ब्यूटिफुल हँडरायटिंग!"

मिस्टर हॉफमन म्हणाले, "आमची अबेना. घानाची आहे. आधी थोडी अडली होती, पुन्हा केली आणि शंभर मिळवले."

"मार्व्हलस," बाई म्हणाल्या. त्या रकान्यात त्यांनी टिक केली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मग माझ्याकडे वळल्या. बाजूला घेऊन, अगदी मनापासून विचारलं, "तुम्ही दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या देशाच्या. इथे तुम्हाला कसं वागवतात? इथे कोणी ऐकत नाही, मोकळेपणाने सांगा."

आणि मी म्हणाले, "व्हेरी काइंडली."

तोंडातून शब्द सुटला आणि मला कळलं, मी काय केलं. तीच रेघ, तोच शब्द. आणि खोटंही नव्हतं ते! बटाट्याची भांडी आठवा ना. पण त्या गुलामांना तर कोणी विचारलंच नव्हतं. मला विचारलं होतं. पांढऱ्या केसांच्या बाईने, हातात पेन घेऊन, माझ्या डोळ्यांत बघून विचारलं होतं. चाचणी समोर, मुलगी वीस पावलांवर भिंतीकडे तोंड करून बसलेली. एवढं म्हटलं असतं की, मॅडम, ते पान पुन्हा वाचा. पाच शब्द. माझा बाप तिथे असता तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या दारातल्या फलकावर अबेनाचा फोटो लागला. हातात ती चाचणी, वर लाल अक्षरात माझं शंभर, खाली 'स्टार ऑफ द मंथ'. ती हसत होती. फोटोग्राफरने सांगितल्यावर मुलं हसतात तसं. येणारे-जाणारे पालक थांबून बघायचे. मी ती चाचणी भांडं फोडायला ठेवली होती आणि त्यांनी तिची तसबीर केली. फलक पार्किंगच्या समोर होता. मी महिनाभर मागच्या दाराने येत-जात राहिले.

जूनअखेर मेन्सा कुटुंब पार टोरोंटोजवळ, ब्रॅम्पटनला निघालं. तिकडे वडिलांना ट्रकचं चांगलं काम मिळालं होतं. शेवटच्या दिवशी मिसेस मेन्सा मला शोधत हॉलमध्ये आल्या. त्यांनी मला घट्ट मिठी मारली. पिशवीतून पिवळ्या-हिरव्या नक्षीचं घानाचं कापड काढून माझ्या हातात ठेवलं. "मिस्टर हॉफमननी सांगितलं, ती चाचणी तुम्ही निवडली. माझ्या मुलीला याआधी कधी कोणी कशासाठी निवडलं नव्हतं. तो फोटो मी फ्रेम करून घेतलाय. नव्या घरात सगळ्यांत आधी तो लावणार." त्यांचे डोळे भरून आले होते. मी कापड छातीशी धरून उभी. काय सांगू त्यांना? की मी तुमच्या मुलीची शिक्षा निवडली होती?

मी त्यांच्यामागे गाडीपर्यंत गेले. सामानाने भरलेली व्हॅन, मागच्या सीटवर उशा आणि तांदळाच्या पोत्याच्या मध्ये अबेना. वेण्या नव्याने घातलेल्या, मणी या वेळी पांढरे. आई पुढे बसून पट्टा लावत होती. मी खिडकीपाशी वाकले, हॉलमध्ये वाकायचे तशी. चार महिने जे बोलायचं होतं ते आता बोलले नाही तर मरेपर्यंत राहील, असं वाटलं.

"अबेना, तू पहिल्यांदा लिहिलं होतंस ना, ते बरोबर होतं. चूक माझी होती. आय वॉज राँग."

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "कुठलं, मिस वनिता?"

"गुलामांचं. पहिल्या चाचणीत. तू समासात लिहिलं होतंस."

तिने थोडा विचार केला, की केल्यासारखं दाखवलं, मला सांगता येत नाही. मग अगदी अदबीने म्हणाली, "आय डोंट रिमेंबर. मला हंड्रेड मिळाले होते."

व्हॅन निघाली. तिने हात हलवला, मीही हलवला.

ती नोकरी मी गेल्या वर्षी सोडली. आता शनिवारी सकाळी वाचनालयात आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेते. ती मला इंग्रजीतून उत्तरं देतात आणि भरपूर गलका करतात. मी कोणालाही गप्प बसवत नाही. पालक तक्रार करतात, करू देत.

अबेना आता तेरा वर्षांची असेल. ब्रॅम्पटनमधल्या कुठल्यातरी भिंतीवर तो फोटो असेल, आणि ती येता-जाता त्याच्याकडे बघत असेल. तिला भेटावं असं फार वाटतं. पत्ता माहीत नाही, आणि असता तरी काय तोंडाने जाणार! एकच गोष्ट मी मनाला रोज सांगते. त्या दिवशी गाडीत ती माझ्याशी खोटं बोलली. तिला सगळं आठवत होतं, अक्षरन् अक्षर, फक्त ते मला सांगण्याच्या लायकीची मी उरले नव्हते. अठरा वर्षं मी पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून छड्या मारल्या. आणि आता एका पोरीने माझ्या तोंडावर खोटं बोललेलं असावं, म्हणून माझा जीव तळमळतो.